आरशांमधला अंधार

फ्रान्सच्या पूर्व सीमेवर, ऱ्हाइनच्या काठी वसलेल्या स्ट्रासबुर्गमधल्या एका प्रयोगशाळेनं २०१६ साली एका रासायनिक प्रक्रियेची हकिकत छापली. प्रक्रिया अगदी साधी. एका सेंद्रिय रेणूच्या टोकाला सिलिकॉनचा एक गट जोडलेला असतो. मिथेनॉलच्या द्रावणात त्याला फ्लोराइड दिलं, की सिलिकॉन आणि कार्बन यांच्यातला बंध तुटतो आणि तो गट गळून पडतो. हे सगळं खोलीच्या तापमानाला होतं. एम.एस्सी.चा विद्यार्थी एका दुपारच्या प्रॅक्टिकलमध्ये ते उरकू शकेल.

स्ट्रासबुर्गच्या मंडळींनी हेच द्रावण दोन आरशांमधल्या काही मायक्रॉनच्या फटीत भरलं, आणि प्रक्रिया साडेपाच पटींपर्यंत मंदावली. रसायनं तीच होती, तापमान तेच होतं. बाहेरून कोणताही दिवा नव्हता, लेझर नव्हता. मोजमापासाठी लागणारे स्पेक्ट्रोमीटरचे क्षीण अवरक्त किरण तेवढे होते. प्रयोगकर्त्यांचं म्हणणं असं, की हा फरक प्रकाशानं केला, आणि तोही तिथे नसलेल्या प्रकाशानं.

विज्ञानात असे दावे अधूनमधून येतात आणि बहुतेक विरून जातात. हा विरला नाही आणि पुरता पटलाही नाही. दहा वर्षं होत आली तरी रसायनशास्त्रज्ञ आणि भौतिकशास्त्रज्ञ त्यावर भांडताहेत, आणि माझ्या मते गेल्या काही दशकांतल्या वैज्ञानिक वादांमध्ये इतका शिकवून जाणारा वाद विरळा. यात दोन गोष्टी एकमेकींत गुंतल्या आहेत. रेणू आणि प्रकाश यांची घट्ट जोडी जमते, ही त्यातली पहिली, आणि ती पक्की आहे. त्या जोडीनं रसायनशास्त्र बदलतं, ही दुसरी. तिची परीक्षा अजून चालू आहे. वर्तमानपत्री बातम्यांमध्ये या दोन्हींची सरमिसळ होते, म्हणून त्या सुट्या करून पाहायला हव्यात.

आधी तो आरशांचा डबा पाहू. धातूच्या एका पकडीत दोन गोल खिडक्या समोरासमोर बसवलेल्या असतात. साधी काच अवरक्त किरण गिळते, म्हणून खिडक्या वेगळ्या, ते किरण आरपार जाऊ देणाऱ्या पदार्थाच्या. प्रत्येक खिडकीच्या आतल्या बाजूला सोन्याचा इतका पातळ थर, की बराचसा प्रकाश परततो पण थोडा पार होतो. सोन्याचा रसायनांशी संबंध येऊ नये म्हणून त्यावर आणखी एक संरक्षक लेप. दोन खिडक्यांच्या मध्ये पॉलिमरची पातळ चकती. कडेनं स्क्रू. सुईनं द्रावण आत सोडायचं, थेंबभरही पुरतं. मग डबा स्पेक्ट्रोमीटरमध्ये ठेवायचा आणि पडद्यावर वर्णपट पाहत स्क्रू अगदी हलक्या हातानं फिरवायचे. फट किंचित बदलली, की वर्णपटातली शिखरं सरकतात. दोन आरशांमध्ये अर्धी लांबी पूर्ण पटींत मावेल अशाच लहरी टिकतात, बाकीच्या एकमेकींना पुसून टाकतात. टिकणाऱ्या लहरींपैकी एक जेव्हा सिलिकॉन-कार्बन बंधाच्या कंपनाशी बरोब्बर जुळते, तेव्हा हात थांबवायचा. तो बंध सेकंदाला सुमारे २६ लाख कोटी वेळा थरथरतो; स्पेक्ट्रोस्कोपीच्या भाषेत, दर सेंटिमीटरला ८६० लहरी. जुळणी झाली, की त्या जागी असलेलं एकच शिखर फुटतं आणि त्याच्या दोन बाजूंना दोन शिखरं दिसू लागतात. या प्रयोगात त्यांच्यातलं अंतर दर सेंटिमीटरला सुमारे शंभर लहरींचं होतं.

ही फूट समजली, की अर्धा विषय समजला. एकाच आढ्याला शेजारी शेजारी टांगलेले सारख्या लांबीचे दोन झोपाळे घ्या. एकाला झोका दिला, की थोड्या वेळानं तो मंदावतो आणि दुसरा आपोआप हलू लागतो; मग दुसऱ्याचा झोका पहिल्याकडे परत येतो. देवघेवीत दोघांची मूळ लय उरत नाही. जोडीच्या दोन नव्या लयी तयार होतात, एक जराशी संथ, एक जराशी जलद. आरशांच्या फटीत एक झोपाळा म्हणजे रेणूचं कंपन आणि दुसरा म्हणजे तिथे टिकणारी प्रकाशलहर. ऊर्जा रेणूकडून प्रकाशाकडे आणि प्रकाशाकडून रेणूकडे जाते, आणि आरशांमधून गळून जाण्याआधी कितीतरी वेळा ही ये-जा होते. अशा वेळी जे उरतं त्याला निव्वळ रेणू म्हणता येत नाही आणि निव्वळ प्रकाशही म्हणता येत नाही. त्या संकराला पोलॅरिटॉन म्हणतात.

पण फटीत प्रकाश सोडलेलाच नसताना दुसरा झोपाळा आला कुठून? पुंजभौतिकीचं उत्तर असं, की विद्युतचुंबकीय क्षेत्र कधीही पूर्ण शून्यावर येत नाही. सगळे दिवे मालवले, सगळे फोटॉन काढून घेतले, तरी प्रत्येक लहरीपाशी अर्ध्या फोटॉनइतकी हालचाल शिल्लक राहते. हे केवळ कागदावरचं गणित नाही. १९४७ मध्ये विलिस लॅम्ब आणि रॉबर्ट रेदरफर्ड यांनी हायड्रोजनच्या ऊर्जापातळ्यांमध्ये एक बारीक फरक मोजला, आणि त्याचा उलगडा या शिल्लक थरथरीशिवाय होत नव्हता. त्याच्या आदल्याच वर्षी एडवर्ड पर्सेल यांनी एका छोट्याशा टिपणात मांडलं होतं, की उत्तेजित अणू प्रकाश किती वेगानं सोडतो, हे तो कशाने वेढलेला आहे यावर अवलंबून असतं. म्हणजे अणूचा स्वभाव एकट्या अणूचा नसतो, भोवतालच्या निर्वाताचाही त्यात वाटा असतो. आणि आरसे लावून त्या निर्वाताला आकार देता येतो.

पुढची तीस-चाळीस वर्षं हे क्षेत्र अणूंचं होतं. इथे एक भारतीय नाव आवर्जून घ्यायला हवं. १९८४ मध्ये हैदराबाद विद्यापीठात असलेल्या गिरीश अगरवाल यांनी दाखवलं, की अणूंनी शोषलेल्या लहरींच्या वर्णपटातच निर्वात क्षेत्रामुळे पडणारी ही फूट दिसायला हवी, आणि अणू जितके जास्त तितकी ती वाढेल. संख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात. आजचं रेणूंचं सगळं प्रकरण या वर्गमुळावर उभं आहे. पॅरिसमध्ये सर्ज आरोश यांनी अतिशीत पोकळ्यांमध्ये एकेका अणूशी आणि एकेका फोटॉनशी खेळून हे विश्व उघडं केलं आणि २०१२ चं नोबेल मिळवलं. मात्र त्या प्रयोगांना निर्वात लागतो, निरपेक्ष शून्याच्या जवळचं तापमान लागतं, वर्षानुवर्षांची तयारी लागते.

१९९२ मध्ये क्लोद वाइसबुश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गॅलियम आर्सेनाइडच्या पातळ थरांमध्ये अशीच जोडी जमवली. तीही थंडीतच. अर्धवाहकातली उत्तेजना सैल बांधलेली असते. खोलीची ऊब तिला विस्कटून टाकते. सेंद्रिय रेणूंचं तसं नाही. रंगद्रव्याच्या रेणूतली उत्तेजना त्या रेणूवरच घट्ट बसलेली असते, आणि दृश्य प्रकाशाशी तिचं नातं फार जवळचं असतं. ते तसं आहे म्हणून तर कापडाचे रंग इतके गडद दिसतात. १९९८ मध्ये शेफील्डच्या डेव्हिड लिड्झी यांनी पॉलिस्टायरीनमध्ये पॉर्फिरिन कालवून त्याचा थर दोन आरशांमध्ये ठेवला. हिरव्या पानातल्या हरितद्रव्याच्या आणि आपल्या रक्तातल्या हीमच्या कुळातलाच हा रेणू. खोलीच्या तापमानालाच १६० मिलीइलेक्ट्रॉन-व्होल्टची फूट दिसली. अर्धवाहकांमध्ये हाच आकडा तेव्हा काही मोजक्या मिलीइलेक्ट्रॉन-व्होल्टचा होता. द्रव हीलियम लागलं नाही, महागडे स्फटिक लागले नाहीत. प्लॅस्टिक, रंग आणि आरसे एवढ्यावर भागलं.

त्यानंतर या पक्क्या बाजूनं भराभर मजल मारली. २०१० मध्ये मिशिगनमध्ये स्टेफान केना-कोहेन आणि स्टीफन फॉरेस्ट यांनी अँथ्रासीनच्या एकसंध स्फटिकापासून पोलॅरिटॉन लेझर चालवला. २०१४ मध्ये आयबीएमच्या झ्युरिकच्या प्रयोगशाळेत एका पॉलिमरमध्ये पोलॅरिटॉनचं बोस-आइनस्टाइन संघनन, म्हणजे असंख्य कणांनी एकाच अवस्थेत गोळा होणं, खोलीच्या तापमानाला दिसलं. सत्येंद्रनाथ बोस यांच्या ज्या गणितासाठी अणू जवळजवळ निरपेक्ष शून्यापर्यंत गार करावे लागतात, ते इथे प्लॅस्टिकच्या थरात घडलं. कारण पोलॅरिटॉनमध्ये प्रकाशाचा अंश असल्यानं तो विलक्षण हलका असतो. २०१६ मध्ये केंब्रिजच्या जेरेमी बॉमबर्ग यांच्या गटानं तर एकाच रेणूपर्यंत मजल मारली. सोन्याचा एक सूक्ष्म गोळा सोन्याच्याच पत्र्यावर ठेवला, मध्ये एक नॅनोमीटरहूनही अरुंद फट, आणि तिच्यात भोपळ्याच्या आकाराच्या एका पिंजरा-रेणूत उभा धरलेला मिथिलीन ब्लूचा रेणू. त्या शोधनिबंधाचे पहिले लेखक रोहित चिक्करड्डी. त्याआधी २०१२ मध्ये पुण्याच्या आयसरमधून, जी. व्ही. पवनकुमार यांच्यासोबत, चांदीच्या नॅनोतारांमधून वाहणाऱ्या प्रकाशावर त्यांचा निबंध आला होता.

या सगळ्याबद्दल आज कुणाला शंका नाही. शंका सुरू होते ती स्ट्रासबुर्गपाशी.

थॉमस एबसन हे मूळचे नॉर्वेचे. त्यांची कारकीर्द पाहिली की लक्षात येतं, हा माणूस न पटणाऱ्या निरीक्षणापाशी थांबणारा आहे. जपानच्या एनईसी कंपनीच्या प्रयोगशाळेत असताना त्यांनी पुलिकल अजयन यांच्यासोबत कार्बन नॅनोनळ्या मोठ्या प्रमाणात बनवायची रीत १९९२ मध्ये दिली. त्याच्याही आधी, १९८९ मध्ये, त्यांना एक विचित्र गोष्ट दिसली होती. धातूच्या पातळ पत्र्यावर प्रकाशाच्या लहरीपेक्षा लहान छिद्रांची जाळी पाडली, की तिच्यातून अपेक्षेपेक्षा फार जास्त प्रकाश पार होतो. छिद्रांवर जेवढा पडतो त्याहूनही जास्त. पाठ्यपुस्तकांप्रमाणे जवळजवळ काहीच पार व्हायला नको होतं. हे कोडं त्यांनी नऊ वर्षं सांभाळलं आणि उलगडा हाती आल्यावर १९९८ मध्ये छापलं. त्यातून एक अख्खं संशोधनक्षेत्र उभं राहिलं, आणि २०१४ मध्ये त्यांना काव्हली पारितोषिकात वाटा मिळाला. स्ट्रासबुर्गला ते झां-मारी लेन यांनी उभारलेल्या संस्थेत आले. लेन हे रेणूंच्या परस्पर ओळखीवरच्या कामासाठी १९८७ चं नोबेल मिळवलेले रसायनशास्त्रज्ञ. रसायनशास्त्राच्या या घरात राहून एबसन यांना प्रश्न पडला: रेणू आणि प्रकाश मिळून नवी ऊर्जापातळी बनत असेल, तर रेणूची रासायनिक वागणूक जुनीच कशी राहील?

२०१२ मध्ये त्यांच्या गटानं पहिलं उत्तर दिलं. अतिनील प्रकाश पडला की रंग पालटणारा एक रेणू आरशांमध्ये ठेवल्यावर आपला पालट वेगळ्या वेगानं करतो. २०१५ मध्ये गाडी दृश्य प्रकाशावरून अवरक्तावर, म्हणजे रेणूच्या बंधांच्या कंपनांवर आली. फेव्हिकॉलसारख्या डिंकांचा जो मूळ पॉलिमर, त्या पॉलिव्हिनाइल अॅसिटेटमधल्या कार्बन-ऑक्सिजन बंधाचं शिखर फुटलेलं दिसलं. मग २०१६ चा तो सिलिकॉनचा प्रयोग. आणि २०१९ मध्ये त्याच्याही पुढची पायरी: एकाच रेणूत दोन जागा, एकीकडे सिलिकॉन-कार्बन बंध आणि दुसरीकडे सिलिकॉन-ऑक्सिजन. बाहेर पहिला बंध जास्त तुटतो. आरशांमध्ये फट नेमकी जुळवली की पारडं दुसऱ्या बंधाकडे झुकतं. फट थोडी बिघडवली की सगळं पूर्ववत.

रसायनशास्त्रज्ञाला यात काय दिसतं ते सांगायला हवं. औषधाचा रेणू घडवताना तीन-चार ठिकाणी प्रक्रिया होऊ शकते आणि आपल्याला ती एकाच ठिकाणी हवी असते. त्यासाठी नको त्या जागा झाकायच्या, काम झालं की पुन्हा उघडायच्या, दुर्मीळ धातूंचे उत्प्रेरक वापरायचे. खर्च आणि कचरा दोन्ही वाढतात. सत्तरच्या दशकापासून लेझरनं एखादाच बंध हलवून तोडायचं स्वप्न पाहिलं गेलं. ते फारसं साधलं नाही, कारण बंधात ओतलेली ऊर्जा क्षणार्धात सगळ्या रेणूभर पसरते. आणि इथे कोणी सांगतंय, की ऊर्जा ओतायचीच गरज नाही. रिकाम्या आरशांची फट जुळवा, बंध आपोआप वेगळा वागेल.

या गटातून निघालेली माणसं जगभर पांगली. जिनो जॉर्ज मोहालीच्या आयसरमध्ये आले. तिथे त्यांनी नवी युक्ती केली: प्रक्रिया करणाऱ्या विरळ रेणूऐवजी भोवतालच्या द्रावकाचं कंपन आरशांशी जुळवायचं. इथे अगरवाल यांचं वर्गमुळ कामी येतं. द्रावकाचे रेणू भरपूर, त्यामुळे जोडी घट्ट. आणि द्रावकाचं व प्रक्रिया करणाऱ्या रेणूचं कंपन सारखंच असेल तर दुसराही त्यात ओढला जातो. इथिल अॅसिटेटमध्ये केलेल्या या प्रयोगात प्रक्रिया मंदावली नाही, उलट दहापट वेगानं झाली, असं त्यांनी २०१९ मध्ये छापलं. जपानमध्ये होक्काइदोला केन्जी हिराई यांनी वेगळ्याच प्रक्रियेवर परिणाम दाखवला. क्षेत्र वाढत होतं.

आणि सैद्धांतिक मंडळी अस्वस्थ होत होती. त्यांची अडचण मला नेहमीच खरी वाटत आली आहे. फटीत एका लहरीशी जोडलेले रेणू एखाद-दुसरे नसतात. कोट्यवधींच्या घरात असतात. गणित मांडलं, की त्या सगळ्यांमधून पोलॅरिटॉनच्या पातळ्या फक्त दोन निघतात. उरलेल्या सगळ्या पातळ्यांना प्रकाशाचा स्पर्शही नसतो. त्यांना अंधाऱ्या स्थिती म्हणतात. फूट मोठी दिसते ती सगळ्यांची मिळून. एकेका रेणूच्या वाट्याला येणारा हिस्सा मात्र संख्येच्या वर्गमुळानं भागलेला, म्हणजे नगण्य. बंध तर एका वेळी एकाच रेणूचा तुटतो. मग त्या एकट्या रेणूला आरसे जाणवावेत कसे? जोएल युएन-झाऊ यांच्या सॅन दिएगोतल्या गटानं, अब्राहम निट्झन आणि जोसेफ सबॉटनिक यांच्यासारख्या जाणत्यांनी हिशेब करून पाहिला. प्रचलित सिद्धांतातून वेगात म्हणण्यासारखा फरक निघेना. त्यानंतरचे नवे सिद्धांत काही परिणाम दाखवतात, पण सगळ्या प्रयोगांचा एकत्र उलगडा करणारा एकही नाही.

२०२१ च्या अखेरीला सॅन दिएगोहूनच प्रयोगाचाही धक्का बसला. गॅरेट वीसहान आणि वेई शियोंग यांनी मोहालीच्या प्रक्रियेची पुनरावृत्ती केली आणि आरशांमुळे वेगात दखल घेण्याजोगी वाढ झाली नाही असं छापलं. शियोंग यांना विरोधक म्हणता येणार नाही. कंपनांच्या पोलॅरिटॉनवर अतिजलद लेझरनं मोजमापं करणाऱ्या आघाडीच्या लोकांपैकी ते एक. ज्याला उत्तर ‘हो’ असावं असं वाटण्याचं कारण आहे, त्यानं ‘नाही’ छापणं याला मी फार मोल देते. २०२४ मध्ये एक्सेटरच्या बिल बार्न्स यांच्या गटानं २०१२ च्या मूळ पद्धतीच्या प्रयोगाकडे पुन्हा पाहिलं. त्यांना आढळलं, की आरशांची रचना बदलली की आतल्या रेणूंपर्यंत पोचणारा अतिनील प्रकाशही कमीजास्त होतो, आणि प्रक्रियेच्या वेगातला बदल तेवढ्यानंच समजावता येतो. पोलॅरिटॉनला हाक मारायची गरजच पडत नाही.

मोजमाप किती नाजूक आहे हे इथे ध्यानात घ्यायला हवं. फटीची जाडी केसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास. तिच्यात द्रावण नीट मिसळतं का, एका कडेला जास्त आणि दुसऱ्या कडेला कमी असं राहतं का, स्क्रू आवळल्यावर दोन्ही खिडक्या समांतर राहतात का, रसायन भरल्यापासून पहिली नोंद घेईपर्यंत किती मिनिटं जातात, या प्रत्येकानं आकडा हलतो. शिवाय सुरुवातीच्या प्रयोगांत वेग थेट मोजलेला नाही. प्रक्रिया होत जाते तसा द्रवाचा अपवर्तनांक बदलतो, त्यामुळे आरशांची शिखरं सरकतात, आणि त्या सरकण्यावरून वेग काढला जातो. अप्रत्यक्ष मोजमाप वाईट नसतं, पण त्यात चूक लपायला जागा जास्त असते.

म्हणून २०२३ च्या एका निबंधाला वजन आहे. वॉशिंग्टनमधल्या अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेतले ब्लेक सिम्पकिन्स यांनी वेगळीच प्रक्रिया निवडली: आयसोसायनेट आणि अल्कोहोल मिळून युरेथेन होणं. पॉलियुरेथेनच्या गाद्या आणि वार्निश याच रसायनातून येतात. फटीचं माप बदलत त्यांनी एकामागून एक कंपनांशी जुळणी केली. आयसोसायनेटच्या कंपनाशी जुळलं तेव्हा वेग घसरला. तयार होणाऱ्या पदार्थाच्या आणि द्रावकाच्या कंपनांशी जुळलं तेव्हाही घसरला. सर्वांत मोठी घट ८० टक्क्यांपर्यंत. मधल्या मापांना मात्र वेग पुन्हा नेहमीसारखा. फट किंचित रुंद-अरुंद झाल्यानं द्रावण कमी मिसळलं असं म्हणावं, तर ते नेमकं या कंपनांपाशीच का व्हावं? संशयवाद्यांना या प्रश्नाचं उत्तर द्यावं लागेल.

मला विचाराल, तर परिणाम आहे असं माझं मन झुकतं. त्याचं आज दिलं जाणारं स्पष्टीकरण मात्र टिकेल असं वाटत नाही. जुळणीवर वेग अवलंबून असणं हा सगळ्यात बोलका पुरावा आहे, आणि तो स्ट्रासबुर्ग, होक्काइदो आणि वॉशिंग्टन अशा तीन ठिकाणी वेगवेगळ्या रसायनांवर दिसलेला आहे. पण तोच पुरावा सांगतो, की एकेका रेणूच्या नगण्य वाट्यावर आधारलेलं चित्र अपुरं आहे. फटीतल्या द्रवाची एकत्रित रचना बदलत असेल, रेणूंच्या कंपनांमधली ऊर्जेची वाटणी बदलत असेल. अंधाऱ्या समजलेल्या स्थिती वाटतात तितक्या अंधाऱ्या नसतील. यातलं एकही अजून सिद्ध झालेलं नाही.

निर्णय लागायचा असेल तर एकच प्रक्रिया, एकाच बाटलीतली रसायनं, आणि वेगवेगळ्या हातांनी वेगवेगळ्या खंडांत बांधलेले आरसे लागतील. वेग शिखरांच्या सरकण्यावरून न काढता, आत काय उरलं आणि काय तयार झालं हे थेट मोजावं लागेल. आरसे नसलेला डबा आणि मुद्दाम चुकीच्या मापाचा डबा शेजारी ठेवावा लागेल. आणि मोजणाऱ्याला कोणता डबा कोणता हे कळता कामा नये. औषधांच्या चाचण्यांमध्ये हा नियम रुळलेला आहे; रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत तो क्वचितच पाळला जातो. मोहालीच्या इथिल अॅसिटेटपासून सुरुवात करायला हरकत नाही, कारण त्या एका प्रक्रियेवर ‘हो’ आणि ‘नाही’ दोन्ही उत्तरं छापून झालेली आहेत.